मिठातली लिंबं

टॅक्सी फाटकाशी उभी होती, बाबा डिकीत बॅगा बसवत होते आणि बदलापूरची मावशी आईवर चिडली होती. "अगं, पोर सातासमुद्रापलीकडे चाललीय आणि बरोबर लोणच्याची एक बाटली नाही? तुझ्या घरातून?" आईने माझ्या हातावर दही घातलं, माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "तुझा वाटा इथे ठेवलाय. खायला ये." त्र्याण्णव सालचा हिवाळा होता. नवरा लग्नानंतर लगेच कॅनडाला परतला होता, आणि मी अंबरनाथ पूर्वेचं आमचं घर सोडून त्याच्यामागून निघाले होते. मावशी विमानतळापर्यंत फणफणत होती. आई अशी का वागली ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच भीती वाटत होती.

इकडे आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे एक तरी लोणच्याचा किस्सा असतोच. कस्टमवाल्याने काय फेकलं, कोणाच्या शालूवर तेल सांडलं. पार्टीत तुम्ही हे हसत हसत सांगता तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून किचनमध्ये जाते. तिकडच्या लोकांनाही वाटतं, हिला आता आपलं काही नको असतं. तसं नाही. एकदाच सांगून टाकते.

आमच्या घरामागे जागा बेताचीच होती, पण आईने तिथे आंबा, आवळा, लिंबू, जांभूळ सगळं कोंबलं होतं, आणि थंडीत टोमॅटोचे वाफे. बाबा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते. घरात त्यांच्या शिक्षणाचा उपयोग एकच. आईने काही बाटलीत भरलं की ती विचारायची, "किती टिकेल हो?" आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून, मोठ्या साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं उत्तर द्यायचे.

माझा मोठा भाऊ सुधीर, आमचा दादा, शहाऐंशी साली आखातात नोकरीला गेला. आईने त्याला टोमॅटो सॉस दिला होता. बाटल्या उकळून घेतलेल्या, बुचावर मेण ओतून बंद केलेल्या. सुरुवातीला शेजाऱ्यांकडे त्याचे फोन यायचे. मग त्याची कंपनी बंद पडल्याचं कानावर आलं, आणि पुढे तो कुठे गेला ते कोणालाच सांगता येईना. बाबांनी मंत्रालयापासून दिल्लीपर्यंत खेटे घातले. आईने मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला. "त्याचा वाटा मीच त्याच्या हातात दिला. आता तो कशाला येईल परत?" हसू नका. घरातलं माणूस असं नाहीसं झालं की डोकं कुठलं तरी कारण घट्ट धरून बसतं.

तेव्हापासून दादाचा वाटा घरात राहायला लागला. पहिल्या वर्षी जांभळाचं सरबत. बाबा म्हणाले, गणपतीपर्यंत टिकेल. आई म्हणाली, तेवढ्यात येईलच तो. सरबत आंबलं, एका दुपारी बूच उडालं आणि आईने भिंतीवरचे जांभळे डाग मुकाट्याने पुसले. पुढच्या वर्षी कैरीचं लोणचं घातलं, कारण ते वर्षभर जातं. ते वर्षही गेलं. मग मोरावळा. "पाक नीट जमला तर चार-पाच वर्षं बघायला नको," बाबा म्हणाले, आणि आईचा चेहरा जरा सैल झाला.

उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी काकांचं काचसामानाचं दुकान होतं. बरण्या आम्ही तिथूनच घ्यायचो. "भाभी, हर साल एक बरनी एक्स्ट्रा? मेहमान आनेवाला है क्या?" ते विचारायचे. "मेहमान नहीं, घर का ही है," आई म्हणायची. घरी आणल्यावर ती बरणी खिडकीशेजारच्या फळीवर बसायची, तोंडावर पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधून. तिला कोणी हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात शिरताना मी नकळत जरा अंग चोरून जायचे, कोणी उभं असल्यासारखं. घर पछाडलेलं असतं म्हणतात, ते आमच्याकडे भरदिवसा, फोडणीच्या वासात होतं.

आणि एके वर्षी आईने लिंबं चिरून त्यात मीठ भरलं. तेल नाही, मसाला नाही, नुसतं मीठ. "हे किती टिकेल हो?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि अंगणात निघून गेले. तोवर मला वाटायचं, आई हाताला येईल ते घालते. त्या दिवशी कळलं, की दादाला यायला किती वेळ लागेल याचा अंदाज ती दर वर्षी नव्याने बांधत होती. मिठातल्या लिंबांना मुदत नसते.

ओंटारिओतल्या आमच्या गावात शेजारच्या डोरीनने मला कॅनिंग शिकवलं. सप्टेंबर आला की तिच्याकडे पीच, बीन्स, टोमॅटो. उकळत्या पाण्यातून जार काढून काउंटरवर ठेवायचे, मग ते निवता निवता एकेक झाकण 'टक्' करून बसतं. सील झालं, डोरीन खुशीत सांगायची. मी दर आवाजाला दाराकडे बघायचे. एकदा तोंडातून निघूनच गेलं, हे किती टिकेल? ती हसली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, मग नवीन करायचं. त्या बाईला फक्त उन्हाळ्याची वाट बघायची होती. मला तिचा इतका हेवा वाटला की घरी येऊन रडले.

पहिल्या वर्षी आई फोनवर म्हणाली, "तुझं जांभळाचं सरबत ठेवलंय." मी म्हटलं, येतेच. मग आमच्या पेपर्सचं लांबलं. पुढे ती म्हणाली, कैरीचं ठेवलंय. मग मुलगी झाली, नवऱ्याचा ले-ऑफ झाला. नंतर काय ठेवलंय ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली गेले ती एक गोष्ट सांगायला. आम्ही कॅनडात घर घेतलं होतं. चार वर्षांत परत येऊ म्हणून गेलो होतो, आता येणार नव्हतो. हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. विमानात मी वाक्यं जुळवत होते, पहिलं कोणतं, रडली तर पुढचं कोणतं.

पोचल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फळीवर दोन बरण्या शेजारीशेजारी होत्या. एकीतली लिंबं काळी पडून गळून गेली होती. दुसरीतली अजून पिवळी होती, तळाशी मीठही पुरतं विरघळलं नव्हतं.

"ही कोणाची?"

"तुझी," आई म्हणाली. वाटाणे सोलता सोलता, सहज.

बाबा दारात उभे होते. मी त्यांना विचारलं, "किती टिकेल, बाबा?"

या वेळी ते निघून गेले नाहीत. "आमच्यामागेही टिकेल," म्हणाले.

मी दादऱ्याच्या गाठीला हात घातला. आईने मनगट धरलं. "अजून मुरलं नाही. पुढच्या खेपेला." जे सांगायला आले होते ते सांगितलं नाही. ते तिला आधीच कळलं होतं. मी महिनाभर राहिले, रोज त्या फळीसमोर जेवले, आणि घराचा विषय आमच्यापैकी कोणीही काढला नाही.

आता दोघंही नाहीत. अंबरनाथच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली. बरण्या बदलापूरला मावशीकडे आहेत. घर कुठे असं कोणी विचारलं तर मी इथला पत्ता सांगते, आणि तो खोटाही नाही. इथे माझी माणसं आहेत, मागे टोमॅटोचे वाफे आहेत. पण माझा वाटा तिकडे आहे. मावशी थकलीय. मध्येच फोनवर विचारते, "किती दिवस सांभाळू गं हे? देऊ का टाकून?" टाकला तर मी खरोखरच गेले असं होईल. उघडला तर आले असं म्हणावं लागेल.

"राहू दे, मावशी," मी म्हणते.

"मग येतेस कधी?"

"येते गं," मी म्हणते, "या वर्षी नक्की."