काकांच्या ओवाळणीला बँड

माझ्या थोरल्या काकांना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. मन मोठं करायचं काम आमच्या घरात बाबांकडे होतं आणि त्यापायी त्यांचं काय झालं ते मी पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बँकेतल्या एका बाईंच्या निरोपाचं जेवण कँटोन्मेंटातल्या हॉटेलात होतं. सूप आलं, भाषणं सुरू झाली, आणि मागे स्पीकरवर एक जुनी इंग्रजी धून लागली. आधी ड्रमचा ठेका, मग सगळी पितळी वाद्यं एकदम, आणि त्या गलबल्यावरून उडी मारून वर जाणारं एकटं क्लॅरिनेट. माझा चमचा सुपातच राहिला. त्या धुनेचं खरं नाव मला कधीच कळलं नव्हतं. घरी आम्ही तिला ‘शनिवारची’ म्हणायचो. वेटरला बोलावून मी ती मोबाइलवर मागून घेतली. शेजारच्या बायकांना वाटलं, मैत्रीण चालली म्हणून मला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. संताप आला होता.

बाबा रेल्वेत कारकून होते. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातला धाकटा मुलगा, पण वेदपठण त्यांना कधी जमलं नाही. ते थोरल्या काकांना जमलं. काका खाली पाठशाळा चालवायचे, आणि कान असा की पलीकडच्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्याचा स्वर चुकला तर जेवता जेवता भिंतीवर थाप मारायचे. बाबा वर आमच्या गच्चीवर क्लॅरिनेटचा रियाज करायचे. ते वाद्य एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन गार्डचं. त्याचे पुढचे दात पडले आणि फुंकणं जमेना, तेव्हा त्याने ते बाबांच्या हातात दिलं.

शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात बँड असायचा. मला बाबा सायकलवर पुढे बसवून न्यायचे. लाकडी जमिनीवर नाचणाऱ्यांसाठी पावडर टाकलेली असायची, आणि मी स्टेजच्या कोपऱ्यात ड्रमच्या रिकाम्या खोक्यावर बसून भाजीचं कटलेट खात असायचे. सॅक्सोफोनवाले काहीतरी विचारायचे, ट्रम्पेटवाले उठून उत्तर द्यायचे, पुन्हा हे विचारायचे, पुन्हा ते. भांडण म्हणावं तर सगळे खुशीत. मग बाबा उठायचे. घरी खाली मान घालून वावरणारा माझा बाप तिथे उसन्या कोटात उभा राहायचा आणि साऱ्या हॉलचे पाय त्याच्या फुंकरीवर हलायचे. मला इतका अभिमान वाटायचा की मी कटलेट खायचं विसरून जायचे.

काकांना हे खुपलं. त्यांनी शास्त्र काढलं. परक्याच्या तोंडचं वाद्य तोंडात घालतो, म्हणजे रोज उष्टं खातो, म्हणून तो पंगतीला चालणार नाही. आजोबांच्या श्राद्धाला बाबांचं पान दाराबाहेर, चपलांच्या शेजारी मांडलं. सख्ख्या मुलाचं. आई वाढताना ओठ चावत होती. मी तेव्हा दहा-एक वर्षांची असेन. न राहवून मी विचारलं, “काका, देवळात सनई वाजते, ती काय कोपराने वाजवतात?”

“हिला आधी चूप करा,” काका म्हणाले. चूप करायला बाबाच उठले. मला मांडीवर घेऊन त्यांनी कानात सांगितलं, “दादा आहे तो.”

पुढे आजी आजारी पडली. काकांनी निरोप धाडला, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय आईला खांदा देता येणार नाही. मग बाबांनी क्लॅरिनेट क्लबात नेऊन देऊन टाकलं आणि ऐन पौषात पंचगंगा घाटावर काकांच्या देखत बुड्या मारल्या, पंचगव्य गिळलं. मी त्यांचं कोरडं धोतर घेऊन पायरीवर उभी होते. आजी त्यानंतर कितीतरी वर्षं ठणठणीत होती, बाबांपेक्षाही. त्यानंतर घरात कोणी नसलं की बाबा पोळपाटावरचं लाटणं उचलून त्यावर बोटं चालवत बसायचे. मी एकदा पाहिलं. त्यांनी लाटणं लगेच खाली ठेवलं आणि भूक लागलीय का, असं विचारलं.

बाबांना मणिकर्णिकेवर पोचवून आता बरीच वर्षं झाली. काका मात्र ऐंशी ओलांडून बसलेत. पापी माणसाला आयुष्य फार, ही म्हण आमच्या घरात काकूसमोर म्हणायची सोय नव्हती.

तर यंदा काकांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. आमच्याकडे त्या वयाला हा सोहळा करतात. होम होतो, वैदिक जमतात, आणि शेवटी घरच्या लेकीसुना दिव्यांचं तबक घेऊन त्या वृद्धाला ओवाळतात. चुलत भावाने फोन केला.

“ताई, बाकी सब हो गया है. फक्त सनईवाल्याचं तू बघ ना. तुझी ओळख असते.”

“बघते की,” मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत बसले.

कारण त्या घरात वाढल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एकदा संकल्प सोडला की ओवाळणं पुरं होईपर्यंत काका पाटावरून उठणार नाहीत. आभाळ कोसळलं तरी नाहीत. मला एवढंच हवं होतं: ज्या माणसाने बाबांना चपलांशेजारी बसवलं, त्याने साऱ्या ब्रह्मा घाटासमोर बसून ती धून शेवटपर्यंत ऐकायची, आणि उठून जायचं नाही.

मी लग्नात वाजवणारा एक बँड गाठला. मास्टर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. मोबाइलवरची धून त्यांनी दोनदा ऐकली. “बहनजी, चीज तो बढ़िया है. लेकिन पूजापाठ में ये चलेगा?”

“दौड़ेगा,” मी म्हटलं.

सोहळ्याच्या सकाळी बँड गल्लीत शिरला तेव्हा लांबलचक ट्रॉम्बोन एका गायीच्या शिंगात अडकता अडकता राहिला. मी त्यांना दारातच उभं केलं. आत काका नवं रेशमी नेसून पाटावर बसले होते, पुढे दिव्यांची रास, दोन्ही बाजूंना वैदिक. होम आटोपला. बायका तबकं घेऊन उठल्या. भावाने मान डोलावून सनईची खूण केली. मी मास्टरना खूण केली.

काय वाजवलं त्यांनी! ड्रमच्या पहिल्या ठेक्याला एका गुरुजींच्या हातातली पळी पडली. पितळी वाद्यं एकदम सुटली, चौकातली कबुतरं उडाली, आणि भाऊ माझ्याकडे धावला. “ताई, ये क्या लगा रखा है? बंद करव ना!”

“मध्येच बंद करणं अशुभ असतं,” मी ठोकून दिलं. असं कुठेही लिहिलेलं नाही. पण दारातल्या दोन म्हाताऱ्या लगेच “हो हो, अशुभच” म्हणाल्या आणि भाऊ मागे सरला.

काका डोळे मिटून बसले होते. चेहरा लाल. हात गुडघ्यांवर घट्ट. मी पोटभर पाहून घेतलं. इतकी वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला पान वाढावं, तसं मला झालं होतं. धून संपली. सगळ्याजणी ओवाळून झाल्या, आणि पुतणी म्हणून शेवटी माझी पाळी आली. मी तबक घेऊन पुढे गेले. म्हटलं, आता शिव्या घालतील. घालू देत, त्याही घ्यायला मी तयार होते.

काकांनी डोळे उघडले. हळूच म्हणाले, “पोरी, त्यांनी ती जागा घालवली.”

“कुठली?”

“वर जायच्या आधी तुझा बाप थांबत असे. श्वासभर. आता वाजवतो की नाही, असं वाटेपर्यंत. मग जात असे वर. हा तर धावतच सुटला.” एवढं बोलून म्हाताऱ्याने दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला, नेमक्या जागी थांबला, आणि पुढे धरला.

खरंच थांबायचे बाबा. मी विसरले होते. मी, त्यांची मुलगी, विसरले होते आणि हा विसरला नव्हता.

आजूबाजूच्या बायकांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं, मिटलं सगळं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. आजवर मी समजत होते की ह्या माणसाला त्यातलं काही कळत नव्हतं. न कळणाऱ्याला एखादे दिवशी सोडूनही दिलं असतं. पण ह्याला सगळं कळत होतं. खाली बसून हा रोज ऐकत होता, भावाचा श्वासन् श्वास ह्याला पाठ होता, आणि तरी त्याने त्याला पौषातल्या पाण्यात उभं केलं.

“हे बाबांना कधी सांगितलंत?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग नजर चुकवून म्हणाले, “ओवाळ आता, बेटा. खूप वेळ झाला. पाय दुखतात.”

वाती चांगल्या पेटलेल्या होत्या, तूप भरपूर होतं. मी तबक छातीशी तसंच धरून उभी राहिले आणि दाराकडे वळून म्हणाले, “मास्टरजी, फिर से.”