दुकानातलं बोलणं

घशाचं ऑपरेशन म्हणजे टॉन्सिलसारखं काहीतरी असेल, असं मला वाटलं होतं. चार दिवस मऊ भात, थंड दूध, की माणूस परत कामावर. म्हणून मुंबईच्या इस्पितळातून आमच्या दुकानातल्या भाऊंच्या मेहुण्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "गाठ निघाली, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. आता बोलता यायचं नाही," तेव्हा मी सहज विचारलं, "किती दिवस?"

तो म्हणाला, "दिवस कसले, ताई? कायमचंच."

रिसीव्हर माझ्या हातातच राहिला. समोर एक गिऱ्हाईक कीबोर्ड पारखत उभं होतं. ते मला "बेन, ओ बेन" म्हणून हाका मारत होतं, मला ऐकूही येत होतं, पण ओ देता येईना. माणसाचा आवाज असा काढून घेता येतो, दाढ काढावी तसा, हे मला माहीतच नव्हतं. आणि काढला तो कुणाचा, तर भाऊंचा!

आमचं दुकान सुरतेत रिंग रोडला, कापड मार्केटच्या मागच्या गल्लीत होतं. कॉम्प्युटर जोडून विकायचे, त्यात सिस्टिम भरून द्यायची, नंतर बिघडले की दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. प्रत्येक मार्केटवाल्याला, प्रत्येक मिलला अचानक कॉम्प्युटर हवा झाला होता. दुकान शेठचं, पण कारभार भाऊंचा. ते परभणीकडचे. वडील बांधकामावर सुरतेला आले, त्यांच्या मागे हेही आले, आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले. मी सुरतेतल्याच उधन्याची. माझे वडील लूमवर, घरात अहिराणी. डिप्लोमा करून मी भाऊंच्या हाताखाली लागले तेव्हा त्या गल्लीत हातात पेचकस धरणारी मी एकटीच मुलगी होते.

भाऊंचा आवाज भरदार होता. गणपतीत मंडळाचा माईक त्यांच्याकडेच असायचा. पर्वत पाटियाचा एखादा साडीवाला पहिल्यांदाच कॉम्प्युटर बघायला आला की तो दोन हात लांब उभा राहायचा, जणू यंत्र चावणार आहे. भाऊ त्याच्यासाठी खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "आवो, बेसो. गभराशो नहीं. बगडशे तो अमे छीए." या, बसा, घाबरू नका, बिघडलं तर आम्ही आहोत. एवढ्यावर तो माणूस बसायचा. मी कितीदा तरी हेच वाक्य म्हणून पाहिलं, पण माझ्या सांगण्यावरून कुणी बसत नसे.

एवढे बोलके भाऊ, पण मशीनच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा त्यांना भारी कंटाळा. नव्या मशीनमध्ये सिस्टिम भरताना ते सारखं विचारत राहतं. नाव काय, कंपनी कोणती, देश कोणता, घड्याळ कुठलं, तारीख कशी लिहायची. प्रत्येक प्रश्नापाशी अडून बसतं. दहा मशिनं असली की तेच दहा वेळा. एक दिवस भाऊंनी सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ती सीडीवर घातली. नव्या मशीनमध्ये सीडी सरकवली, एक बटण दाबलं आणि उठले.

"चल, चहा घेऊन येऊ."

"भाऊ, मशीन विचारेल ना?"

"विचारू दे की. उत्तरं त्याच्याजवळच आहेत."

मी गेले नाही. तोंडात बोट घालून बघत राहिले. पडदे येत होते, जात होते. नावाच्या चौकटीत नाव आपोआप उमटलं. देश भारत झाला, डॉलरच्या जागी रुपया आला, तारखेत आधी दिवस आणि मग महिना बसला. कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता. मला चक्क भीती वाटली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अवं माय, हाई भूत शे का काय?"

पुढे भाऊ त्याच्याही पलीकडे गेले. मशीन पहिल्यांदा उघडणाऱ्याला काय दिसावं, हेही ते आधीच ठरवून ठेवू लागले. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांसाठी मोठी अक्षरं, मागे निव्वळ निळा रंग, लागणाऱ्या गोष्टी समोर आणि नको त्या आत. "ज्याला काही बदलता येत नाही," ते मला म्हणायचे, "त्याचं सगळं आपण आधीच नीट लावून ठेवायचं. येणारा येतो, त्याला वाटतं हे असंच असतं."

मग त्यांचा घसा बसला. आधी बिडी, नंतर मावा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सुंठ दिली, ज्येष्ठमध दिलं. आवाज घोगरा झाला तो सुटेना. मुंबईला दाखवून आले आणि म्हणाले, "छोटं ऑपरेशन आहे." जाण्याआधी ते रोज दुपारी आतल्या खोलीत दार लावून बसायचे. पंखा बंद करायला सांगायचे. "कुणाला आत सोडू नको. सचिनच्या मिलची सीडी बनवायलोय." सचिन हे सुरतेजवळचं गिरण्यांचं गाव. उकाड्यात पंखा कशाला बंद करतात, हे मला कळत नव्हतं. पण भाऊंना कोण विचारणार?

नंतर कळलं, डॉक्टरांनी त्यांना सगळं आधीच सांगितलेलं होतं. भाऊंनी ते फक्त वहिनींना, त्यांच्या बायकोला, सांगितलं होतं.

ते परत आले तेव्हा गळ्याला पांढरं मलमलीचं फडकं होतं. त्याच्याआड एक भोक होतं आणि श्वास तिथून चालायचा. हातात मुलीची शाळेची पाटी. मी समोर गेले, त्यांनी ओठ हलवले, आणि माझ्या कानांनी सवयीनं आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. फडकं तेवढं जरासं हललं. मी काहीतरी कारण काढून गोदामात गेले आणि खोक्यांच्या मागे उभी राहिले.

शेठनी त्यांना कामावरून काढलं नाही. गिऱ्हाइकाशी मी बोलायचं आणि मशीनचं भाऊंनी बघायचं, असं ठरलं. सचिनच्या मिलचं काम तेवढ्यात निघालंच. रंगाई-छपाईची मिल होती, कारकुनांना कॉम्प्युटर शिकवायला एक खोली केली होती. तिथे ओळीनं मशिनं मांडायची होती, प्रत्येकाला स्पीकरची जोडी. त्या वर्षी स्पीकरशिवाय कॉम्प्युटर घेणं कुणालाही कमीपणाचं वाटायचं.

आम्ही दोघं गेलो. मिलचा मॅनेजर, साधा, चष्मा लावणारा गुजराती माणूस, दोन-तीन कारकुनांना घेऊन बघायला उभा होता. भाऊंनी पिशवीतून सीड्या काढल्या, सगळ्या एकाच सीडीच्या नकला, आणि एकेका मशीनमध्ये सरकवत गेले. रंगाच्या वाफेनं त्यांना गळ्यातून खोकला येत होता. मी मॅनेजरला समजावून सांगत होते की आता काही करायचं नाही, मशीन आपापलं करील.

पहिलं मशीन पूर्ण झालं, बंद होऊन पुन्हा चालू झालं, निळा रंग आला आणि स्पीकरमधून भाऊ बोलले.

"आवो, बेसो. गभराशो नहीं. बगडशे तो अमे छीए."

मी गर्रकन वळून भाऊंकडे पाहिलं. ते भिंतीपाशी उभे होते, ओठ मिटलेले. तेवढ्यात शेजारचं मशीन बोललं. मग त्याच्या पलीकडचं. मग दोन एकदम, एकमेकांवर. थोडासा घोगरा, पण तोच भरदार आवाज, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी धावत जाऊन एकाचा स्पीकर बंद केला, तोवर दुसरीकडून "आवो, बेसो" आलं. मला वाटलं, भाऊ आता कोसळतील. त्यांना बाहेर न्यावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत असं मी समजले. ते हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, नुसता वारा फडक्यातून फसफस बाहेर येत होता.

मॅनेजरनं विचारलं, "कोण बोले छे आ?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यानं माझी नजर बघितली, भाऊंकडे बघितलं, त्यांच्या गळ्याकडे बघितलं. मागे हात नेऊन त्यानं खुर्ची चाचपली आणि तो खरोखरच बसला.

भाऊंनी पाटीवर लिहून मला दाखवलं: "कसं झालं?"

मी बाहेर नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. राग आला होता, पण नेमका कुणाचा ते उमगत नव्हतं. बंद दार, बंद पंखा, त्या दुपारी ते आत स्वतःचा आवाज भरत होते, हे मला तिथे नळावर कळलं.

शेठना मात्र फार कौतुक वाटलं. त्यांनीच वहिनींना निरोप धाडला की येऊन ऐका. वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी बालवाडीतली. शेठनी त्याच सीडीनं भरलेलं दुकानातलं मशीन चालू केलं, आवाज आला, आणि मुलगी "पप्पा!" म्हणून ओरडली. ती बापाकडे धावली, त्यांच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी त्यांचे ओठ उघडून आत बघू लागली. भाऊंनी मानेनंच नाही म्हटलं. तरी ती बघतच राहिली.

वहिनी उभ्याच होत्या. त्यांनी मला विचारलं, "अजून काय आहे ह्यात?"

"एवढंच आहे, वहिनी."

"मराठीत?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"काहीच नाही?" वहिनींचा आवाज चढला. "मी म्हणले होते, टेपमध्ये दोन शब्द भरून ठेवा. तर म्हणाले, बघू. माझं जाऊ द्या, ह्या लेकरासाठी पण नाही? हे दुकानातलं बोलणं आहे. माझा नवरा घरी असं बोलत नव्हता. घरात पाय टाकला की 'काय करायलीस गं' म्हणायचे. ते कुठाय? ह्या मिलवाल्यांना आवाज, आणि आम्हाला पाटी?"

शेठना मराठी बोलणं समजलं नाही, पण प्रसंग समजला. ते बाहेर निघून गेले.

भाऊंनी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाटी वहिनींपुढे धरली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांनी ती माझ्याकडे ढकलली. "तूच वाच."

मी वाचलं. "तुझ्यासाठीच बसलो होतो."

त्यांनी पुसून पुढचं लिहिलं. मी वाचलं. "रोज बसलो. माईक चालू केला की काही सुचायचं नाही."

पुन्हा पुसलं. "हेच तेवढं तोंडात आलं."

त्यांचे शब्द माझ्या आवाजात त्या खोलीत पडले. मला वाटलं, वहिनी रडतील, मिठी मारतील, काहीतरी होईल. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "काढून टाका ते."

भाऊ लगेच उठले. फाइल उघडली, आवाज लावणाऱ्या ओळी शोधल्या आणि भरलेल्या आवाजासकट पुसून टाकल्या. मी शेजारी उभी होते. "भाऊ, एक नक्कल तरी ठेवू," असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण नवरा-बायकोच्या मधे मी कोण? पुढच्या सगळ्या सीड्या मुक्या निघाल्या. सचिनची मशिनं तेवढी राहिली. मॅनेजरनं ती बदलू दिली नाहीत. कारकुनांना सवय झाली आहे, म्हणाला.

लग्न होऊन मी धुळ्याला गेले. काही वर्षांनी माहेरी आले तेव्हा भाऊंकडे जाऊन आले. ते घरीच दुरुस्तीची कामं करत होते, तब्येत चांगली होती. फडकं आता निळं होतं, वहिनींनी शिवलेलं, बारीक टाक्यांचं. मुलगी मोठी झाली होती. बापाचे ओठ बघून ती इतक्या भराभरा बोलून दाखवायची की पाटी कपाटावर धूळ खात पडली होती. घर हसतं-खेळतं होतं. मला फार बरं वाटलं.

वहिनी ओट्यापाशी चहा करत होत्या. मी तिथे जाऊन उभी राहिले, तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक सांगू का? कुणाला बोलले नाही. मला ह्यांचा आवाज आठवत नाही आता. लई प्रयत्न करते. काय बोलायचे ते आठवतं, कसं बोलायचे ते नाही. स्वप्नात येतात ना, तेव्हा पण पाटी घेऊनच येतात."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भांड्यातला चहा उतू चालला होता, तरी दोघींपैकी कुणाचा हात पुढे गेला नाही.

आतल्या खोलीतून भाऊंच्या दोन टाळ्या वाजल्या.

"साखर कमी टाक म्हणतात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बारीक केला.