उपाशी मोगरा

मुलुंडची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली, आणि कुंदाबाईंचा मोगरा अंगणातून नवव्या मजल्याच्या गॅलरीत आला. तेव्हापासून त्याने एकही कळी धरली नव्हती. सून दीप्ती म्हणाली, खाली सोसायटीच्या बागेत देऊन टाकू, तिथे तरी फुलेल. कुंदाबाईंनी हा एक उन्हाळा मागून घेतला.

पौषात त्यांनी मोगऱ्याचं पाणी तोडलं, पानं खुडून काढली. त्याला असं उपाशी ठेवायचं आणि थंडी हटली की शेणखत घालून पोटभर पाजायचं, मग तो कळ्या धरतो. लवकर पाणी पडलं तर नुसती पानं. उशीर झाला तर झाडच जायचं.

पण इतक्या उंचावर ऋतू येतो कुठून? खाली मातीला हात लावला की कळायचं. इथे फरशी सदा गार, वारा सदा तोच. शेवटी त्यांनी न्हाणीघरातल्या खोबरेल तेलावर नजर ठेवली. येऊरच्या डोंगराकडून गारठा उतरतो तोवर ते थिजलेलं असतं. आपणहून वितळेल ती सकाळ आपली.

माघात एका सकाळी तेल पातळ मिळालं. कुंदाबाईंनी हरखून कुंडीत खत घातलं, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गोधडी पुरेना.

त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तेलाच्या बाटलीला काही केलंत?"

"काल गरम पाण्यात बुडवली होती," श्यामसुंदरराव म्हणाले. "थिजलेलं डोक्याला कसं लावू?"

"केस किती उरलेत, त्यांचे लाड किती."

मग कुंदाबाईंनी त्यांना तेलाची खूण सांगितली, आणि गॅलरीत जाणंच सोडलं. श्यामसुंदरराव मात्र अपराध्यासारखे रोज कुंडीशी बसू लागले. पालवी फुटली. पानंच पानं.

"कुंदा, चष्मा घेऊन ये गं," एका दुपारी त्यांनी हाक मारली. "हेसुद्धा पानच का?"

भिंतीला टेकलेली एकच फांदी. तिच्या शेंड्याला, दोन पानांच्या बेचक्यात, हिरवे टपोरे दाणे. कुंदाबाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी भिंतीला तळहात लावला. भिंत चांगलीच तापली होती.

"दीप्तीला सांगू?"

"सांगा. पण आधी इकडून धरा," त्या म्हणाल्या आणि कुंडी भिंतीकडे ओढू लागल्या.