सहाव्या वर्षाची दाढ

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली, "आजी, मागे नवी दाढ आलीय, पण माझा तिथला दात पडलाच नाही!" तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून लिहायला बसले.

तुमचे बाबा सात वर्षांचे होते. आम्ही टेंभुर्णीला राहत होतो. त्यांची खालची मागची दाढ किडली. ते एकाच बाजूने चावायचे. जेवताना हनुवटी वाकडी व्हायची. माझे सासरे बैलाचे दात पाहून वय सांगत, बाजारात त्यांचा शब्द चाले. त्यांनी नातवाचं तोंड उघडलं.

"दुधाचीच हाय. जुना दात पडल्याबिगर नवा येत न्हाई. इथला पडला का? न्हाई ना? मंग टाका उपटून. दुसरी येईल बराबर."

ऐकायला बिनतोड होतं. पण ती दाढ चांगली रुंद होती, कंगोरे धारदार. शेजारच्या झिजलेल्या दाढांसारखी मुळीच नाही. कायमची असली तर? सकाळी जाफराबादला दाढ उपटायला जायचं ठरलेलं, आणि माझी तव्यावरची भाकरी करपत होती.

"अहो, आधी जालन्याला दाखवू," मी ह्यांना म्हटलं.

"एका दाढेपायी जालना?"

"उपटल्यावर विचारून काय उपयोग?"

मामंजी ओट्यावरून म्हणाले, "जाऊ दे रे. बैलाचं मला कळतं, माणसाचं सूनबाईला कळत असंल!"

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला दात घट्ट मिटायला लावले आणि गाल बाजूला ओढून आम्हाला दाखवलं. "ही कायमची आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते, कुणाच्या जागेवर नाही. वरची आणि खालची एकमेकींत बसतात, त्यांच्या आधाराने बाकीचे दात जुळतात. ही काढली तर मागून येणारी पुढे कलेल, वरची खाली उतरेल." त्यांनी कीड कोरून चांदी भरली. टिकेलच असं मात्र म्हणाल्या नाहीत.

मग माझं रोजचं सुरू झालं. "दात मिटव बघू."

"मी काय बैल हाय का गं, आई?"

मामंजी हसले. "बैलाचे आपण पुढचेच बघतो, पोरा. मागं बोट घालंल कोण?"

दुधाच्या दाढा पडल्या, नव्या आल्या, वरखालच्या रांगा जुळल्या. तरी माझी धास्ती गेली नाही.

ती दाढ बाबांच्या तोंडात अजून आहे. चांदी काळी पडली आहे, पण ते त्याच बाजूने फुटाणे खातात.