गल्लीतून गेलेली हद्द

लोहा तालुका नांदेड जिल्ह्यात, पण खासदार निवडतो लातूरचा. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा तसं ठरलं आणि दवाखान्याला, कोर्टाला नांदेड गाठणारी माणसं मतापुरती लातूरची झाली. ती रेघ कुणी, कुठं बसून ओढली, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. मी मात्र एक रेघ स्वतःच्या हातानं ओढली आहे.

त्या तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेविका होते. ग्रामपंचायतीच्या वॉर्डांच्या हद्दी नव्यानं ठरवायच्या होत्या. तलाठी आणि मी गावभर पायी फिरून कच्चा नकाशा केला. हद्द नाल्याच्या कडेनं धरली, त्यामुळं पिंजाऱ्यांची गल्ली अख्खी एका वॉर्डात आली. मी त्याच गल्लीत भाड्यानं राहायची. घरमालक चाचा गाद्या भरायचे आणि त्यांची बारावी शिकलेली सून या वेळी निवडणुकीला उभी राहणार होती.

दोन दिवसांनी माजी सरपंचांचा भाऊ ऑफिसात आला. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "नाल्यावरून कशाला जाता मॅडम? गल्लीतूनच घ्या की."

"नियमानं नालाच धरावा लागतो," मी म्हणाले.

तो हसला. "तुमची पोरगी सायकलवर शिकवणीला जाती न्हाई का? पुलापाशी रस्ता लई सुनसान हाय. ध्यान ठेवत जा."

आवाज अगदी मायेचा होता. तो गेल्यावर मी तलाठ्याला फोन लावला. "माझ्याकडं कालच येऊन गेला," एवढंच तो बोलला. मी खोडरबर घेतलं.

नकाशा फळ्यावर लागला तशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. चाचा कोरा कागद घेऊन माझ्याच दारात आले. "मॅडम, हमारा घर इधर, भाई का घर उधर. ऐसा कैसा हुआ? जरा अर्ज लिख के देव."

माझ्याच रेघेवरची हरकत मी माझ्याच अक्षरात लिहून दिली.

तहसीलला सुनावणी झाली, तिथं साहेबांनी मला विचारलं, "हद्द गल्लीतून का घेतली?"

"पावसाळ्यात नाल्याचं पात्र सरकतं, साहेब."

हे उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. हरकत तिथंच फेटाळली गेली. परतीच्या जीपमध्ये चाचा शेजारीच बसले होते. बाहेर बघत हळूच म्हणाले, "नाला तो वहीं है, मॅडम."

सून थोडक्या मतांनी पडली. मी घरी आले की ओट्यावर बसलेल्या बायका उठून आत जायच्या. मुलीची शिकवणी मी बंद केली. ती कारण विचारायची आणि मी उगाच तिच्यावर ओरडायची. शेवटी मी बदली मागून हदगावकडं आले.

आता इकडं सगळ्यांच्या तोंडी पुन्हा फेररचनेच्याच गोष्टी आहेत. आमच्या गावाच्या वॉर्डांचा नकाशाही काढायला सांगितला आहे. परवा एक अनोळखी माणूस ऑफिसच्या दारात उभा राहिला.

"लोह्याकडच्या पाहुण्यांनी तुमचं नाव सांगितलं," तो म्हणाला. "समजदार बाई हायेत म्हणले."

मी त्याला खुर्ची दिली.