ईश्वरीच्या आबांचा खोकला

चार वर्षांच्या ईश्वरीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "हे आबा न्हाईत," ती म्हणाली.

माझं डोकं तापलं. लग्नात भोंगे बांधण्यापासून सुरुवात करून जालन्यातला हा रेकॉर्डिंग स्टुडिओ मी एकट्याने उभा केला. तरी लोक पुण्याच्या स्टुडिओत तोंड न उघडता पैसे देतात आणि घासाघीस करतात ती माझ्याशी. ईश्वरीच्या वडिलांनीही, घनसावंगीच्या दत्तारावांनी, केली होती. त्यात आज येताच म्हणाले, पुण्यात केलं असतं तर बरं झालं असतं.

प्रकरण असं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आबांची, म्हणजे आपल्या वडिलांची, एक गोष्ट माझ्याकडे रेकॉर्ड करून घेतली होती. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, भेटायला निघालेल्या डबक्याची. तेव्हाही ईश्वरी आबांच्या मांडीवर होती. नंतर आबांना लकवा झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली. रोज ती गोष्ट ऐकून झोपणारी पोर झोपेना, आणि मोबाइलवर लावलेलं माझं रेकॉर्डिंग तिला चालेना.

"आवाज आबांचाच हाय. बिलकुल बराबर हाय," मी जरा जोरातच म्हणालो.

"न्हाई. डबकं काट्यात अडकलं की आबा खोकतेत. मंग पाणी पेतेत."

मी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. फाइल मी क्लीन केली होती. क्लीन करणं म्हणजे खोकला, घोट, खुडबूड कापून टाकणं. मूळ फाइल जागा खाते म्हणून डिलीट केली होती. कापलेल्या जागांच्या खुणा तेवढ्या कॉम्प्युटरवर उरल्या होत्या. अकरा.

स्क्रीन तिला दिसणार नाही अशी फिरवली आणि गोष्ट लावली. ती डोळे मिटून ओठ हलवत राहिली. मधेच बोट वर करायची. खोकला. पाणी. अडकित्ता. प्रत्येक बोट बरोबर खुणेवर.

कापलेल्या जागा भरायला दत्तारावांनी माइकसमोर खोकून पाहिलं.

"हे पप्पा हाय," ती म्हणाली.

शेवटी मीच विचारलं, आबांना खोकता येतं का?

"बोलता येत न्हाई, भाऊ. खोकले की गल्ली जागी होती," दत्ताराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांना जीपमधून आणलं. रेकॉर्डिंगसाठी एसी बंद केला. फोमच्या भिंतींत बाहेरचं जग उरलंच नाही. आबांच्या आणि ईश्वरीच्या कानाला हेडफोन, मी काचेपलीकडे. आबा स्वतःचाच आवाज ऐकत होते. मांडीवरची ईश्वरी बोट वर करायची, आबा खोकायचे, घोट घ्यायचे, डाव्या हाताने सुपारी कातरायचे. डबकं उसाच्या पाटातून वळत, कापसाच्या रानाच्या कडेने गंगेकडे सरकत होतं. आवाजाच्या मीटरकडे बघायचं मी विसरून गेलो. गंगा भेटली तेव्हा पाणी माझ्याच पायाशी आल्यासारखं वाटलं.

खुणा अकरा, बोटं दहाच वर झाली. मी काचेवर टकटक करणार होतो. आबांनी डावा हात उचलून मला थांबवलं. ईश्वरी झोपली होती.

तेव्हा आठवलं. अकरावा तुकडा नुसत्या शांततेचा होता. गोष्ट संपल्यावर पोर पक्की झोपेपर्यंत आबा गेल्या उन्हाळ्यात तसेच बसले होते. रिकामी जागा म्हणून मी ती कापली होती. माइक चालू ठेवून मीही हललो नाही.

खोकले, घोट आणि ती शांतता जागच्या जागी जोडून फाइल दिली, ती घरी ईश्वरीला चालली. पोर झोपू लागली.

आता मी मूळ फाइल ठेवतो. आणि क्लीन करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, ऐकणार कोण आहे?