रवंथ्याची भाची

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण आणि मापाप्रमाणे लावून ठेवलेले दात यांच्यात तिचा दिवस जायचा. घराच्या पुढच्याच खोलीत काम चालायचं. नवी कवळी बसवून बघायला आलेल्या म्हाताऱ्यांची ती थट्टा करायची, "आता खडे फोडा खुशाल, फक्त बायकोला चावू नका." म्हातारे नव्या दातांनी हसून दाखवत आणि खूश होऊन जात.

नवरा लांब खाणीवर कामाला होता, सुट्टीपुरता घरी यायचा. एरवी घरात तिघंच. ती, तिची मुलगी बारकी, आणि तिचे वडील. वडिलांनी उभी हयात गोदीत क्रेन चालवण्यात घालवली होती.

बारकी जेवायला फार वेळ लावायची. पावाच्या कडा काढून टाकायची, मांसाचे तुकडे नखाएवढे करायची, घासाघासाला पाणी प्यायची. बाकीच्यांची भांडी घासून पालथी घातली तरी बाईसाहेब आपल्या ताटावरच.

"नखरे आहेत सगळे," आजोबा म्हणायचे. पण म्हणताना नातीकडे बघायचे नाहीत.

एका दुपारी बारकीने घास गिळला आणि ती थांबली. हनुवटी जराशी वर, तळहात छातीच्या हाडावर, नजर टेबलाच्या कोपऱ्यावर. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा चमचा उचलला. एवढंच झालं. पण कवळीवाली बघतच राहिली. असं बसणारं माणूस तिने पाहिलं होतं. तिच्या लहानपणी रोज, तिच्या शेजारच्याच खुर्चीवर.

तो तिचा मोठा भाऊ. बाबांनी त्याचं नाव रवंथ्या ठेवलं होतं. गाय बरी, ती निदान दूध देते, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि लोक हसायचे. दादाही हसायचा. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, असा घरचा शिरस्ता होता. सगळे उठून गेले की दादा एकटाच बसून राही, आणि स्वयंपाकघरातून त्याचा चमचा हळूहळू वाजत राही. मोठा झाल्यावर तो लोकांसमोर जेवायचंच टाळू लागला. घास अडकला की गुपचूप उठून बाहेर जायचा आणि डोळे पुसत परत यायचा.

कामावरच्या सोबत्यांबरोबर एका खानावळीत बसलेला असताना तो असाच उठून गेला. मोरीचं दार आतून लावलेलं होतं. दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. घशात मांसाचा तुकडा अडकला होता. घाईघाईत खाल्लं असेल, असं सगळे म्हणाले, बाबाही म्हणाले. शाळकरी बहीण भिंतीला टेकून ऐकत होती. दादा जन्मात कधी घाईत जेवला नव्हता, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि आता तो परत आला होता. कवळीवालीला तरी तसंच वाटू लागलं. पुढच्या खोलीत ती मेण तापवत असली आणि आत बारकीचा चमचा वाजला, की मधली वर्षं गळून पडायची. आत वळून बघितलं तर खुर्चीवर कोण दिसेल, याची तिला भीती वाटायची.

मग एक दिवस बारकीच्या मैत्रिणीच्या घरी मुलांचं जेवण होतं. बारकीला आणायला गेलेली कवळीवाली दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर पोरगी ताटावरून उठली, कुणाकडे न बघता निघाली, आणि मोरीचं दार बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला.

कवळीवाली धावली. तिने दार बडवलं, खांद्याने धडका दिल्या, आणि तोंडातून हाक निघाली ती "दादा!" अशी. ते तिला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. कडी निघाली. आत बारकी लाळ गाळत उभी होती. श्वास चालू होता, पण थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती.

इस्पितळात तिला गुंगी देऊन दुर्बिणीने तो तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी आतले कणभर नमुने तपासायला पाठवले. निकाल आल्यावर त्यांनी कवळीवालीला आणि आजोबांना समोर बसवलं.

"हे नखरे नाहीत," त्या म्हणाल्या. "हिची अन्ननलिका सुजलेली आहे. ॲलर्जीत ज्या पांढऱ्या पेशी वाढतात, त्या तिथे ठाण मांडून बसल्यात. ईओसिनोफिल म्हणतात त्यांना. सूज राहिली की नळी ताठर होते, पुढे अरुंदही होते. म्हणून ती घास बारीक करते, पाण्यावर ढकलते. तिची तिने वाट शोधलीय. घरात आणखी कुणी असं होतं का? हळू जेवणारं, घास अडकणारं?"



"माझा भाऊ," कवळीवाली म्हणाली.

"त्यांनाही तपासून घ्या. कुठे असतात ते?"

 आजोबा उठले, टोपी हातात घेतली आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

औषधांचा मार्ग होता, खाण्यातून दोषी पदार्थ काढण्याचाही होता. त्यांनी आधी खाण्याचा धरला. बहुतेकदा हेच बाधतात, म्हणून दूध आणि गहू पूर्ण बंद. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, कारण वरवर बरं वाटलं तरी आतली सूज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. नुसतं बंद करून भागणार नव्हतं. पोरीची वाढ खुंटू नये म्हणून दुधाची भरपाई कशाने करायची, ते आहारतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. पाव, बिस्किटं, लोणी, चीज घरातून हद्दपार झालं. भात, बटाटे, मांस, भाज्या, फळं राहिली. शाळेतल्या बाईंना कवळीवाली स्वतः जाऊन भेटली.

घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर मोरीच्या दाराची कडी उचकटून टाकली. बारकी जेवायला बसली की ती पाठीमागे उभी राही. घास घशाखाली उतरेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला. कामातलं लक्षही उडालं. एका गिऱ्हाइकाच्या कवळीत तिने दात उलटसुलट बसवले.

"आई," एकदा बारकी चमचा खाली ठेवून म्हणाली, "तू माझ्याकडे बघतच नाहीस."

"अगं, दुसरं करते काय मी दिवसभर?"

"नाही. तू माझ्यातून दुसऱ्याच कुणाला तरी बघतेस. मला भीती वाटते."

 आई पुढच्या खोलीत गेली आणि तिथे नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दुर्बिणीत सूज जवळजवळ तशीच निघाली. "कुठून तरी पोटात जात असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कवळीवालीचा संशय एकाच माणसावर गेला. नखरे म्हणणारा दुसरा होता कोण? घरी येताच ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"काय देता तुम्ही तिला, बाबा? माझ्या माघारी काय भरवता?"

"काही नाही गं."

"खोटं बोलू नका! एकाला पोचवलंत तेवढं पुरे नाही झालं?"

म्हाताऱ्याचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला.  त्या दिवसापासून तो आपलं ताट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसू लागला, नातीच्या समोर खाणंच नको म्हणून.

पुढच्या भेटीला आहारतज्ज्ञ बाईंनी घरातले सगळे डबे-पाकिटं मागवून घेतली. त्यात मार्जरीनचा डबा होता. लोण्याला पर्याय म्हणून कवळीवालीनेच आणलेला. बारकीचे बटाटे रोज त्यातच परतले जायचे. बाईंनी डबा फिरवला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "व्हे. म्हणजे दुधाचंच पाणी. फार जण फसतात यात, मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका! डोळ्यांत तेल घालून जिची राखण केली, तिला रोज आपणच आपल्या हाताने दूध वाढत होतो. कवळीवाली बारकीला घेऊन घरी आली.

वडील मागच्या पायरीवर बसले होते. ती शेजारी जाऊन बसली आणि डब्याचं सगळं सांगितलं.

"मी नको ते बोलले, बाबा."

"पोरीच्या बाबतीत चुकलीस," ते म्हणाले.  "त्याच्या बाबतीत नाही. त्याला फक्त वेळ हवा होता. आपण जेवून उठायचो, आणि तो चमचा वाजायचा ना... मला अजून ऐकू येतो. तुला?"

"मलाही."

इतकी वर्षं एकाच छपराखाली दोघं तो आवाज ऐकत होती, आणि दुसऱ्याला येत नाही असंच धरून चालली होती.

तो डबा गेल्यावर मात्र फरक पडला. पुढच्या तपासणीत नळी स्वच्छ निघाली. मग एकटा गहू परत सुरू करून बघितला आणि पुन्हा तपासलं. सूज आली नाही. बारकीला दूधच सोसत नव्हतं, तेवढं बंद राहिलं. प्रत्येकाचं वेगळं असतं, पुढेही लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पावाची कड बारकीने पहिल्यांदा कडाकडा चावून खाल्ली तेव्हा कवळीवालीला आनंदाने रडू यायला हवं होतं. आलं ते वेगळंच. म्हणजे हे इतकं साधं होतं? एक पदार्थ? पोरगी बरी होत गेली, तसतसा दादा जास्त जास्त मरत गेला. आधी त्याचं मरण नशिबावर ढकलता येत होतं. आता ती सोय उरली नाही.

दादा घरातून गेला नाही. बारकी भराभर जेवून खेळायला पळाली, की तिची रिकामी खुर्ची तिच्या आईला आणखी भरलेली वाटायची.

आजोबा पुन्हा टेबलाशी बसू लागले. एक दिवस बारकीने तोंडात घास असतानाच विचारलं, "आजोबा, मामा कसा होता हो?"

 म्हाताऱ्याने घसा साफ केला.

"हातांवर चालायचा," तो म्हणाला. "पाय वर आभाळाकडे. गोदीच्या भिंतीवरून असा चालत यायचा माझ्याकडे. मी वर क्रेनमध्ये, हा खाली. मला पहिले त्याचे बूटच दिसायचे."

"पडला नाही कधी?"

"कधीच नाही."

बारकी खदखदून हसली आणि आणखी सांगा म्हणाली. त्या घरात त्याच्या जेवणाखेरीज त्याच्याविषयी कुणी काही बोलण्याची ही पहिलीच वेळ. कवळीवालीने खुर्ची ओढली आणि ती बसली. बुटांच्या नाड्या नेहमी सुटलेल्या असायच्या, ते बाबा विसरले होते. ते तिने सांगितलं.